घराण्याच्या बखरीतील गाळलेली नावे

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आम्हांस काही दिवस इंदुरास राहण्याचा योग आला. ज्या घरी आमचा मुक्काम होता ते घर मूळचे नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातले. शंभर वर्षांपूर्वी पोटासाठी माळव्यात आलेले आणि आता पुरते इंदुरी झालेले. घरातील कर्त्या गृहस्थांचे वय अठ्ठ्याहत्तर. सारे घर त्यांस दादा म्हणते, म्हणून आम्हीही येथे दादाच म्हणतो. एके दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आमच्यापुढे पोह्यांची बशी ठेवून ते एक जाड वही घेऊन आले व संकोचाने म्हणाले, "फादर, एवढे जरा बघून द्या. शुद्धलेखन तर आमचे इंदुरी आहे."

शहरातील एका मराठी मंडळाने घराण्याचा इतिहास लिहिण्याची स्पर्धा जाहीर केली होती. पंधरा पानांची मर्यादा, सोबत वंशवृक्ष, आणि शक्य तेथे कागदपत्रांच्या नकला, अशा तिच्या अटी होत्या. शेवटची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. दादांनी बावीस पाने लिहून काढली होती. "वही घरी वाचायला नको," ते म्हणाले, "लालबागेत चला. तिथेच तर सगळी सुरुवात आहे."

लालबाग म्हणजे खान नदीच्या काठचा होळकरांचा राजवाडा. १८८६ ते १९२१ अशी पस्तीस वर्षे टप्प्याटप्प्याने त्याचे बांधकाम चालले होते. दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या वर्षी आरंभ झाला, मध्ये शिवाजीरावांची कारकीर्द होऊन गेली, आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळी तो पूर्णत्वास गेला. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडविलेली त्याची भव्य लोखंडी फाटके पाहण्यास आजही लोक येतात. मुदपाकखाना नदीच्या पलीकडे होता व तेथून शिजलेले अन्न नदीखालच्या भुयारातून वाड्यात येत असे, हे ऐकून तर मुले डोळे विस्फारतात. सकाळी फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर आम्ही दोघे एका बाकावर बसलो व वही उघडली.

पहिलेच वाक्य होते: "आमचे आजोबा श्रीमंत तुकोजीराव महाराजांच्या दरबारी लालबाग राजवाड्याच्या बांधकामावरील अधिकारी होते." पुढे दोन पाने महाराजांच्या मर्जीचे वर्णन होते. आम्ही वाचत असता दादा फाटकाकडे पाहत होते. तिसरे पान उलटण्यापूर्वी त्यांनीच आमच्या हातावर हात ठेवला. "फादर, तुमच्यापाशी खोटे कशाला? अधिकारी नव्हते. पाट्या वाहायचे. माती, चुना, दगड. दोघेही."

"दोघेही म्हणजे?"

"आजोबा आणि आजी. नातवंडे वाचतील, स्पर्धेतले लोक वाचतील, म्हणून मी जरा वाढवून लिहिले."

बावीस पानांत आजीचा उल्लेख आम्हांस एकच सापडला: "त्यांस त्यांच्या पत्नीची उत्तम साथ लाभली." आम्ही आजीचे नाव विचारले. दादा बराच वेळ आठवत राहिले. त्यांनी तिला आयुष्यभर आजीच म्हटले होते, त्यांच्या वडिलांनी आई म्हटले होते, आणि शेजारी तिला 'नगरवाली' म्हणत. ते वृद्ध गृहस्थ त्या बाकावर ओशाळून बसले. त्यांस आपल्या आजीचे नाव ठाऊक नव्हते.

वाचकहो, दादांस हसू नका. आपल्यापैकी किती जणांस आपल्या पणजीचे नाव सांगता येईल? आणि वाढवून लिहिण्याचा मोह तर मराठी मुलखात फार जुना आहे. आपल्याकडे घराण्यांचे इतिहास प्रथम लिहिले गेले ते बहुधा हौसेने नव्हेत, हक्कासाठी. वतनाचा तंटा उभा राहिला की 'करिना' लिहावा, सरकारने विचारणा केली की 'कैफियत' सादर करावी, अशी चाल होती. १८५२ मध्ये इंग्रज सरकारने इनाम कमिशनला कायद्याचे बळ दिले, तेव्हा कित्येक घराण्यांस आपला पूर्ववृत्तांत कागदोपत्री मांडावा लागला. ज्या लेखनावर जमीन राहणार की जाणार हे अवलंबून, त्यात पूर्वजांचा पराक्रम ठळक व्हावा आणि अडचणीची गोष्ट गाळली जावी, हे ओघानेच आले. विसाव्या शतकात हौसेने कुलवृत्तांत निघू लागले, तेही पुष्कळदा ह्याच वळणाने गेले. त्यांत मुलग्यांच्या शाखा सात-सात पिढ्या फुटतात, आणि लेक सासरी गेली की तिच्या नावापुढे रेघ संपते.

ह्याच्या उलट बाजूस, ज्या घरांस ना वतन होते ना इनाम, त्यांस कोणी कैफियत विचारलीच नाही. जमीन नसल्यामुळे सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. दप्तर नसल्यामुळे इतिहासकार राजवाडे गावोगाव जुने कागद शोधत हिंडत होते तेव्हा अशा दारांशी थांबण्याचे त्यांसही कारण नव्हते. लालबागेच्या फाटकावर होळकरांची राजचिन्हे आहेत. ज्यांनी तेथे पाट्या वाहिल्या त्यांची नावे आमच्या पाहण्यात कोठे आली नाहीत.

आम्ही दादांस समोरच्या राजवाड्याचेच उदाहरण दिले. होळकर हे आडनाव नीरा नदीच्या काठच्या होळ ह्या गावावरून आले. मूळ पुरुष मल्हारराव १६९३ मध्ये एका धनगर कुटुंबात जन्मले. वडील लवकर वारले, तेव्हा त्यांची आई लहानग्यास घेऊन आपल्या भावाकडे, खानदेशात तळोद्यास गेली. मेंढरे राखता राखता हा मुलगा झोपी गेला व नागाने त्याच्यावर फणा धरला, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक असते. पुढे ह्या घराण्याने राज्य केले, अहिल्याबाईंसारखी राज्यकर्ती पाहिली. तथापि मेंढरे राखल्याची गोष्ट त्यांच्या इतिहासातून कोणी काढून टाकली नाही. मग पाट्या वाहिल्याची गोष्ट दादांनी का काढून टाकावी? आणि दुसरी गोष्ट: नागाची आख्यायिका सारे सांगतात, पण त्या विधवा मातेचा प्रवास कितीजण सांगतात? ती भावाकडे निघाली नसती तर पुढे हे काहीच घडले नसते.

दादांनी वही मिटली. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, पहिल्यापासून नको, आजीपासून.

त्यानंतरचे चार दिवस आमचाही तो छंदच होऊन बसला. आजीची म्हणून दादांस एक गोष्ट पक्की आठवत होती. ती सांगत असे की, एका दिवाळीला शहरात अशी मिरवणूक निघाली की तशी पुन्हा झाली नाही. हत्ती, उंट, मोठा रावण आणि एक अक्राळविक्राळ उंदीर. एका गोऱ्या साहेबाला जणू एक दिवसाचा राजा केला होता. शेवटी रावण आणि उंदीर दोन्ही जाळले. त्या गर्दीत आजोबांनी बाळाला खांद्यावर बसवून तो उंदीर दाखवला. दादांनी वहीत लिहिले होते: "आमच्या वडिलांनी ही मिरवणूक आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिली."

गोष्ट परीकथेसारखी वाटते, पण ती खरी आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश गृहस्थास इंदूर दरबाराने पाचारण केले होते; त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगने शहर हैराण होते. लोकांस नुसते हुकूम देऊन घरे स्वच्छ होत नाहीत हे जाणून त्यांनी १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली, आणि जो रस्ता सर्वांत स्वच्छ व डागडुजी केलेला असेल त्याच रस्त्याने ती जाईल असे आधी जाहीर केले. शुभ्र कपड्यांतील सफाई कामगार त्या मिरवणुकीत मानाने चालले. उंदीर होता तो प्लेगचा.

आता गंमत पाहा. घरात दादांच्या वडिलांचा स्नानसंस्काराचा दाखला होता. त्यावर साल होते १९२०. मग १९१७ साली आजोबांच्या खांद्यावर बसलेले मूल कोण?

दादा म्हणाले, आजीची आठवण चुकली असेल. त्यांचे वडील एकुलते एक, हे तर साऱ्या घरास ठाऊक होते. पण आमच्या अनुभवाने सांगतो, म्हातारी माणसे साल विसरतात, महिना विसरतात. मूल कोणाच्या खांद्यावर होते हे विसरत नाहीत. आम्ही ओळखीच्या धर्मगुरूंस विनंती केली आणि दोन संध्याकाळी त्यांच्या सोबत जुन्या नोंदवह्या चाळल्या.

ह्या वह्यांविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूने विवाहांची वही ठेवावी असा नियम केला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदी कशा लिहाव्यात ह्याचे नमुने घालून दिले. त्यामुळे आपल्या जुन्या वह्या लॅटिन भाषेत व ठरावीक साच्यात असतात. एका ओळीत बाळाचे नाव, जन्मतारीख, बापाचे नाव, आईचे नाव, राहण्याचे ठिकाण, धर्ममातापित्यांची नावे आणि शेवटी धर्मगुरूची सही. साचा कोरडा आहे, परंतु त्यात आईसाठी जागा राखलेली आहे. मालगुजार असो की मजूर, त्याच्या पत्नीचे नाव त्या रकान्यात लिहावेच लागते. ज्यांची अन्य कोणत्याच दप्तरात दखल नव्हती, अशा कित्येक स्त्रियांचे नाव कागदावर प्रथम उतरले ते येथे.

दादांच्या वडिलांच्या १९२० च्या नोंदीत आईच्या रकान्यात एक नाव होते. तेच नाव, तोच बाप, तीच वस्ती, अशी आणखी एक ओळ मृत्यूच्या वहीत सापडली. ऑक्टोबर १९१८. मुलगी. वय वर्षे तीन. कारण: ताप. तो इन्फ्लुएन्झाच्या महासाथीचा काळ होता. त्या पानावर आणि पुढच्या पानावर तसल्याच ओळी होत्या. दादांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि त्या ओळीवर बोट ठेवून पुष्कळ वेळ उभे राहिले. त्यांस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आत्या सापडली होती.

त्या रात्री दादांनी देवासला आपल्या थोरल्या बहिणीस फोन लावला. अक्कांचे वय चौऱ्याऐंशी. सारे ऐकून घेऊन त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी दिवाळीला मागच्या दाराशी एक पणती वेगळी लावायची. मी विचारले तर म्हणायची, पोरीची. मला ठाऊक होते." दादा जवळजवळ रागावून म्हणाले, "मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?" अक्का म्हणाल्या, "मला कोणी विचारले कुठे?"

घराण्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे असे आम्हांस वाटते. स्पर्धेची जाहिरात आली की आपण वडीलधाऱ्या पुरुषांस विचारतो, वंशवृक्ष काढतो, आणि घरातून दिलेल्या लेकींस विसरतो. वास्तविक आईजवळ, आजीजवळ चुलीपाशी बसून ऐकलेले त्यांच्याजवळच असते.

ह्या स्पर्धेच्या निमित्ताने जे शिकलो, ते अशाच खटपटीत असलेल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पंधरा पानांत सात पिढ्या बसत नाहीत. एक माणूस, एक स्थलांतर किंवा एक संकट निवडावे व तेच नीट सांगावे. म्हाताऱ्या माणसास सन विचारू नये. छपन्नचा दुष्काळ, प्लेग, गांधीजींचा खून, अशा खुणा विचाराव्यात. सन आपण मागाहून लावावा. छपन्न म्हणजे संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० हे लक्षात ठेवले की एक पिढी जागेवर बसते. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेवर फार विसंबू नये. आपल्याकडे निम्मी जुनी पिढी एक जूनला जन्मली आहे, कारण गुरुजींस तीच तारीख सोयीची होती. गावच्या दप्तरी नमुना चौदामध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. पूर्वज तीर्थयात्रा करीत असतील तर नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्यांच्या पिढ्या सापडतात. जुने कागद मोडीत असतील तर ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत, रद्दीत घालू नयेत.

गिरणीत काम केलेल्यांचे कागदही जपावेत. इंदूरची हुकुमचंद मिल १९९२ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटी रुपयांची थकबाकी देण्याचा समारंभ झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी. तोवर कित्येक कामगार निवर्तले होते. अशा वेळी कोण कोणाचा वारस हे कागदच सांगतात. कैफियतीचा काळ संपला असे समजण्याचे कारण नाही.

स्त्रियांचा माग काढताना एक अडचण ध्यानात धरावी. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल. त्यात ख्रिस्ती घराण्यांत स्नानसंस्काराचे नाव निराळे. एकाच बाईची तीन नावे तीन कागदांवर असतात, आणि चौथे, 'नगरवाली'सारखे, लोकांच्या तोंडी. म्हणून नवऱ्याचे नाव, वस्ती व मुलांची नावे जुळवून मगच ती एकच बाई असे म्हणावे. जे कागदावर पाहिले ते 'नोंद आहे' म्हणून लिहावे, जे ऐकले ते 'घरात असे सांगतात' म्हणून, आणि जो आपला तर्क आहे तो तर्क म्हणून. परीक्षक ह्यामुळे गुण कापीत नाहीत. कापलेच तरी हरकत नाही. हयात माणसांविषयी लिहिताना मात्र त्यांची अनुमती घ्यावी. घरातले भांडण चव्हाट्यावर मांडणे म्हणजे इतिहास नव्हे.

कोणी विचारील, मग दुःखाच्या, उणेपणाच्या गोष्टी लिहाव्यात तरी कशाला? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. पतीच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी लेखणी धरली. त्यांनी संसारातील भांडणे, उपासमार, पतीचा तापट स्वभाव, स्वतःचे सोवळेपणाचे हट्ट, काही झाकले नाही. आणि तरी ते पुस्तक वाचून टिळकांविषयीचा आदर तसूभरही उणा होत नाही. त्याहून जुना दाखला हवा तर मत्तयाचे शुभवर्तमान उघडावे. ते वंशावळीने सुरू होते. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन ओळी, आणि त्यांत मध्येच तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको. प्रभूच्या कुळाचा वृत्तांत लिहिताना ज्यांची नावे कोणीही शहाणा कारकून गाळला असता, ती तेथे राखलेली आहेत. त्यांतही एकीस नवऱ्याच्याच नावाने ओळखावे लागते, हे आम्हांस लालबागेतील त्या बाकावर प्रथमच बोचले.

दादांनी सारे पुन्हा लिहिले. बावीस पानांची चौदा झाली. आता पहिले वाक्य असे आहे: "आमचे आजी-आजोबा लालबाग राजवाड्याच्या बांधकामावर पाट्या वाहत होते." दुसऱ्या वाक्यात आजीचे नाव आहे. ते आम्ही येथे देत नाही. ते त्या घराचे आहे. मिरवणुकीचे प्रकरण तिसऱ्या पानावर आले आणि खांद्यावरच्या मुलीस वंशवृक्षात तिच्या भावाच्या आधीची जागा मिळाली. शेवटच्या दिवशी दुपारी नातू मोटारसायकलवरून वही पोहोचवून आला.

बक्षीस मिळाले नाही. हे सांगून टाकलेले बरे, कारण अशा कथांच्या अखेरीस बक्षीस मिळावे अशी वाचकांची अपेक्षा असते. दादांस थोडे वाईट वाटले. पण वहीच्या सहा प्रती काढून त्यांनी सहा घरी दिल्या आहेत, त्यांतील पहिली देवासला अक्कांकडे गेली.

मुलीची कबर कोठे आहे हे सापडले नाही. इतक्या जुन्या कबरींवर दगड उरलेले नाहीत. नोव्हेंबरच्या दोन तारखेस, मृत भाविकांच्या दिवशी, ते कुटुंब नेहमीप्रमाणे कबरस्तानात गेले. दरवर्षी ते चार मेणबत्त्या नेतात. ह्या वेळी पाच नेल्या, आणि पाचवी भिंतीच्या कडेला, मोकळ्या मातीत लावली.

वाचकहो, स्पर्धा असो वा नसो, येत्या रविवारी जेवणे झाल्यावर घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसा. प्रथम तिच्या आईचे नाव विचारा, आणि ते तिच्यासमोरच लिहा.